‘तिच्याजवळ कोणी नव्हतं का?’ – बाळंतिणीचा आजार आणि कोर्टाचा प्रश्न

बाभूळझाड | मंगळवार, रात्री १०:५०

२००१ च्या जूनमध्ये आम्ही ह्यूस्टनला होतो. ॲलिसन वादळानं शहर पाण्यात घातलं त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. माझी मुलगी दोन महिन्यांची. बाळंतपणाला आई साताऱ्याहून आलेली, आणि अपार्टमेंटमध्ये शेगडी पेटवता येत नाही म्हणून रोज धुसफुसायची. (धुरीचा एक प्रयत्न झाला. अलार्म वाजला, खालच्या मजल्यावरचा माणूस धावत वर आला. ते पुराण वेगळं.)

२० जूनला टीव्हीवर बातमी. आमच्यापासून अर्ध्या तासावर, क्लिअर लेक भागात, एका बाईनं आपली पाचही मुलं घरातल्या टबात बुडवून मारली. थोरला सात वर्षांचा, धाकटी सहा महिन्यांची. मग तिनंच पोलिसांना फोन केला, नवऱ्याला फोन केला.

आईला इंग्रजी समजायचं नाही, मी सांगितलं. माझ्या पोरीला पायावर घेऊन ती तेल चोळत होती. हात थांबले आणि एवढंच म्हणाली, “तिच्याजवळ कोणी नव्हतं का गं?”

दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या ऑफिसात, दुकानात, रेडिओवर, सगळीकडे एकच चर्चा: फाशी की नाही. आईचा प्रश्न कुणीच विचारत नव्हतं.

त्या बाईचं नाव अँड्रिया येट्स. स्वतः नर्स होती, नवरा नासात इंजिनिअर. १९९९ मध्ये चौथ्या मुलानंतर तिनं दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला होता. दवाखान्यात ठेवलं, हॅलडॉल नावाच्या औषधानं सावरली. तेव्हाच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की आणखी मूल होऊ दिलंत तर हे परत येणार. नोव्हेंबर २००० मध्ये पाचवं झालं. मार्चमध्ये तिचे वडील गेले आणि ती कोसळली. बोलेना, खाईना, बाळाला घेईना. दोनदा भरती झाली. जूनच्या सुरुवातीला नव्या डॉक्टरांनी हॅलडॉल बंद केलं. तिला एकटीला सोडू नका, असं घरच्यांना सांगितलेलं होतं. त्या सकाळी नऊच्या सुमारास नवरा कामावर गेला. सासू दहाला यायची होती.

मधला तो एक तास. आईनं न वाचता, न ऐकता नेमकं त्याच तासावर बोट ठेवलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

कोर्टाला मात्र त्या तासाशी देणंघेणं नव्हतं. टेक्सासचा कायदा विचारतो: हे चूक आहे हे तिला त्या वेळी कळत होतं का? सरकारी वकील म्हणाले, कळत होतं, म्हणून तर पोलिसांना बोलावलं. म्हणून तर नवरा जाईपर्यंत थांबली. आणि तिच्या डोक्यात काय चाललं होतं? आपण वाईट आई आहोत, आपल्यामुळे मुलं बिघडतायत, अशीच मोठी झाली तर नरकात जातील, आत्ता निष्पाप असताना गेली तर सुटतील. आणि सरकार आपल्याला मृत्युदंड देईल तेव्हा आपल्यातला सैतानही मरेल. म्हणजे हा गुन्हा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. गुन्हा असल्याशिवाय तिचा तो हिशोबच पुरा होत नव्हता! याला ‘कळत होतं’ म्हणायचं?

मार्च २००२ मध्ये ज्युरीनं चार तासांच्या आत दोषी ठरवलं. फाशी टळली, जन्मठेप झाली. पुढचं वाचून मी थक्क झाले. सरकारी बाजूचे नामांकित मानसोपचारतज्ज्ञ पार्क डीट्झ यांनी साक्षीत सांगितलं होतं की अशीच आई दाखवणारा, आणि ती वेडाच्या बचावावर सुटते असा, एका टीव्ही मालिकेचा भाग त्या घटनेच्या थोडंच आधी लागला होता. ती ही मालिका बघायची. सरकारी वकिलांनी त्यावरून सुचवलं की तिला युक्ती तिथून मिळाली. तसा भाग कधी बनलाच नव्हता! २००५ मध्ये अपील कोर्टानं शिक्षा रद्द केली, आणि जुलै २००६ मध्ये दुसऱ्या ज्युरीनं तिला मानसिक आजारामुळे निर्दोष ठरवलं. बाई तीच, कायदा तोच. तेव्हापासून ती सरकारी मनोरुग्णालयात आहे, २००७ पासून केरव्हिल गावातल्या. सुटकेसाठी दर वर्षी सुनावणी मागायचा तिला हक्क आहे. ती मागत नाही.

हे आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे त्या वेळी पायावर असलेली माझी मुलगी सप्टेंबरात बाळंत व्हायची आहे आणि या खेपेला आई म्हणून मी निघाले आहे. डिंक, अळीव, खारीक यांची यादी करता करता मला ते सगळं पुन्हा वाचावंसं वाटलं. आपल्याकडे असं झालं तर कोर्ट काय विचारतं? जाणकारांनी लिहा.

---

चिंचोका | मंगळवार, रात्री ११:३२

लेख चांगला आहे, पण स्पष्ट लिहितो. पाच मुलं. एकामागून एक. थोरला सात वर्षांचा, तो पळाला असेल, विनवलं असेल. इतका वेळ ‘आजार’ टिकला आणि पोलिसांना फोन करायच्या वेळी नेमका उतरला? हेच एखाद्या बापानं केलं असतं तर ‘त्याच्याजवळ कोणी नव्हतं का’ असा धागा आला असता का? मला नाही वाटत. त्या मुलांच्या बाजूनंही कुणीतरी बोला.

---

आजीची_गोधडी | बुधवार, सकाळी ६:१५

चिंचोकादादा, रागावू नका, एक गोष्ट सांगते.

माझी आत्या. साल बहात्तरचं, दुष्काळाचं. आमचं गाव बीडकडचं. आत्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. पाचवी पुजली, सटवाईचं सगळं रीतसर झालं, आणि सातव्या-आठव्या दिवसापासून आत्या झोपेनाशी झाली. रात्रभर बसून राही. कधी हसे, कधी भिंतीशी बोले. पोराकडे बघून म्हणायची, हे माझं न्हाई, ह्याला कुणीतरी आणून ठिवलंय. गावानं ठरवून टाकलं, बाहेरचं झालंय. भगत आला, लिंबू झाले, अंगारा झाला.

आजीनं ते सगळं करू दिलं. पण रात्री झोपताना ती स्वतःच्या लुगड्याच्या पदराला आत्याच्या पदराची गाठ मारायची. बाळ दुसऱ्या खोलीत काकूजवळ. दिवसा आत्या परसाकडं गेली तरी आजी मागं. असं दीड महिना. एकदा मध्यरात्री गाठ सुटली आणि आत्या विहिरीकडं निघालेली सापडली. त्या साली विहिरी कोरड्या होत्या, म्हणून वाचली असं आमच्या घरात अजून हसत हसत सांगतात. हसू येत नाही खरं तर.

दुसऱ्या खेपेला तसंच व्हायला लागलं तेव्हा मात्र शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. विजेचे झटके दिले, तीन आठवड्यांत ताळ्यावर आली. आत्या आता सत्तरीच्या पुढं आहे. तो मुलगा शिक्षक झाला. मी तिला एकदा विचारलं, तुला त्यातलं काही आठवतं का? म्हणाली, समदं आठवतं. पोरगं दिसत हुतं, आवाज येत हुता. पर ते पोरगं न्हवतं.

आजी नसती आणि त्या रात्री विहिरीत पाणी असतं, तर आत्याला सगळं कळत होतं असंच कोर्टात म्हटलं असतं ना?

---

डॉ_निशिगंध | बुधवार, दुपारी २:०५

ओपीडी संपवून लिहितोय, त्रोटक होईल. (झालं नाही.)

गोधडीताई, तुमच्या आत्यांचं वर्णन मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत सुरुवात, झोप उडणं, बाळ आपलं नाही ही खात्री, पुढच्या खेपेला परत येणं आणि झटक्यांनी लवकर बरं होणं. सगळं त्यात आहे.

लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगाच रडते, ते निम्म्याहून जास्त जणींना होतं आणि दोन आठवड्यांत जातं. नैराश्य वेगळं. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात झालेल्या, २००२ साली छापलेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांच्या बाळंतिणींपैकी २३ टक्के जणींना नैराश्य निघालं. त्यातल्या तीन चतुर्थांशांहून जास्त जणींना गरोदरपणातच त्रास सुरू झालेला होता. गरिबी, नवऱ्याशी न पटणं ही कारणं होतीच, आणि मुलगी झाली की या कारणांचा भार आणखी वाढत होता. यावर वेगळं काही म्हणायला नको.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण इथे बोलतोय तो आजार, सूतिकेचा सायकोसिस, म्हणजे बाळंतिणीचं वास्तवाचं भान सुटणं. हजार बाळंतपणांत एक किंवा दोन. ज्यांना आधीपासून बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल नैराश्यात जाणं) आहे किंवा पहिल्या खेपेला असं झालेलं आहे, त्यांना धोका कितीतरी जास्त. यात आपल्या मुलाला इजा करणाऱ्या बायका अगदी थोड्या. बहुतेक जणी उपचारांनी पूर्ण बऱ्या होतात, हे ठळक अक्षरांत वाचा.

चिंचोका, तुमचा प्रश्न रास्त आहे. पण हा आजार दारूसारखा चढत-उतरत नाही. बाई दुपारी तासभर अगदी सरळ बोलेल, पाव्हण्यांना चहा देईल, आणि संध्याकाळी तिला पंख्यातून आवाज येतील. भ्रम झालेला माणूस हातपाय आणि फोन नीटच वापरतो. बिघडलेली असते ती ज्यावर हिशोब मांडायचा ती पाटी. बाभूळझाड यांनी ते नेमकं पकडलंय.

आणखी एक, कारण इथे वाचणाऱ्या नव्या आया असतील. ‘बाळ हातातून पडलं तर’, ‘मीच काही केलं तर’ असले नकोसे विचार अनेक आयांना येतात, आणि ते आले की त्यांचं काळीज लटलटतं. ज्या बाईला त्या विचाराची भीती वाटते तिचा हा आजार नव्हे. तिला चिंतेचा त्रास आहे, तिनं तो मोकळेपणानं सांगावा. जिला तो विचार पटायला लागलाय, आज्ञेसारखा वाटतोय, तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं.

---

काळाकोट | बुधवार, संध्याकाळी ७:४८

फौजदारी कोर्टात पंचवीस वर्षं झाली, तेव्हा भारतातलं मी सांगतो.

भारतीय दंड संहितेचं कलम ८४, १८६० चं. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालं. आकडा बदलला, मजकूर जवळपास तोच. कृत्य करताना मनोविकलतेमुळे त्या कृत्याचं स्वरूप कळत नसेल, किंवा ते चूक वा कायद्याविरुद्ध आहे हे कळत नसेल, तर तो अपराध नाही. याचं मूळ १८४३ च्या लंडनमधलं. डॅनियल मॅक्नॉटन नावाच्या माणसानं भ्रमाच्या भरात पंतप्रधान पील यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली, तो सुटला, गदारोळ झाला, आणि न्यायाधीशांनी जी फूटपट्टी आखून दिली तिनंच आपण आजही मोजतोय. टेक्सासची फूटपट्टी त्याच लाकडाची, फक्त अजून तोकडी.

‘वैद्यकीय वेड वेगळं, कायदेशीर वेड वेगळं’ हे वाक्य आमच्या निकालपत्रांत इतक्या वेळा येतं की त्याचा रबरी शिक्का करावा. सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. त्यातल्या त्यात दिलासा १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्याचा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं की हे ओझं दिवाणी दाव्याइतकंच आहे, आणि त्या पुराव्यानं हेतूबद्दलच रास्त शंका आली तरी आरोपीला फायदा मिळेल. शिवाय घटनेच्या आधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघायचं.

हे झालं पुस्तकातलं. आता कोर्टातलं ऐका. घटना घडते, पोलीस येतात, पंचनामा, अटक. मानसोपचारतज्ज्ञापुढे बाई उभी राहते तोवर बरेचदा आठवडे उलटलेले असतात. खटला बोर्डावर येतो तेव्हा दोन-तीन वर्षं. डॉक्टर सांगतायत तसा हा आजार बरा होणारा, म्हणजे पिंजऱ्यात कोण उभं असतं? नीट विंचरलेले केस, विचारलं त्याला नीट उत्तर. न्यायाधीश तरी काय बघणार? आणि आठव्या दिवशी ती भिंतीशी बोलत होती हे सांगणारे साक्षीदार कोण? सासरचे. ज्यांचं नातवंड गेलं ते. ते कशाला येतील?

म्हणून कागद जपा. दवाखान्याची चिठ्ठी, औषधाची पावती, आशाताईंची नोंद. भगताकडे नेलं असेल तर तेही लपवू नका. ‘बाहेरचं झालंय म्हणून नेलं होतं’ ही साक्ष कोर्टात तिच्या उपयोगाची आहे, घरच्यांना लाज वाटली तरी.

गंमत बघा. मूल टाकून देण्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कलम आहे (जुनं ३१७, आता ९३). जन्म लपवण्यासाठी आहे (जुनं ३१८, आता ९४). नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या मनःस्थितीसाठी स्वतंत्र कलम नाही. एकतर कलम २२ मध्ये पूर्ण बसा, नाहीतर खून. मधली पायरीच नाही. आणि गृहीत धरणं कायद्याला जमत नाही अशातलाही भाग नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच चालतं.

---

लेस्टरकर | बुधवार, रात्री १२:२०

ती मधली पायरी इंग्लंडमध्ये आहे, तीही शंभर वर्षांपासून. १९२२ चा बालहत्या कायदा, १९३८ मध्ये सुधारलेला. बारा महिन्यांच्या आतल्या आपल्या मुलाचा जीव आईनं घेतला, आणि प्रसूतीच्या परिणामांतून ती पुरती सावरली नसल्यामुळे तिच्या मनाचा तोल गेला होता, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवधासारखा धरायचा. बहुतेक वेळा तुरुंग होत नाही, उपचार आणि देखरेख होते.

हा कायदा केवळ दयेपोटी आला असं नाही. त्याआधी अशा बाईला फाशी सुनावणं न्यायाधीशांवर बंधनकारक होतं. काळी टोपी डोक्यावर ठेवून ते शिक्षा वाचायचे, आणि ती पुढे माफ होणार हे न्यायाधीशापासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत असायचं. फक्त त्या बाईला माहीत नसायचं. ज्युरी तर दोषी ठरवायलाच तयार नसत. शेवटी त्या नाटकाला कंटाळून कायदा बदलला. कॅनडातही असं कलम आहे, कमाल शिक्षा पाच वर्षं. अमेरिकेत असा कायदा नाही. इलिनॉय राज्यानं २०१८ मध्ये एवढंच केलं की शिक्षा ठरवताना हा आजार विचारात घ्यावा.

पण येट्स बाईला इंग्लंडचा हा कायदाही पुरला नसता. बारा महिन्यांच्या आतली फक्त धाकटी. बाकी चौघांसाठी वेगळा बचाव मांडावा लागला असता.

---

डॉ_निशिगंध | गुरुवार, सकाळी ८:१०

आणि १९३८ च्या त्या कायद्यात ‘अंगावर पाजण्याच्या परिणामानं’ तोल गेल्याचंही लिहिलंय. दुधानं वेड लागतं ही तेव्हाची समजूत. वैद्यकशास्त्रानं ती कधीच सोडून दिली, कायद्यात ती अजून आहे.

---

चिंचोका | गुरुवार, सकाळी ९:४४

गोधडीताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. अर्धं पटलं. आजारी बाईला फासावर चढवू नये, मान्य. पण लेस्टरकर सांगतायत तो कायदा फक्त आईसाठी. बापालाही भ्रम होतो, त्याला का नाही? आणि एकदा असं कलम आणलं की नकोशी मुलगी झाली म्हणून उशी दाबणारं अख्खं घर त्या बाळंतिणीला पुढे करेल, ‘हिचा तोल गेला होता’ म्हणून. आपल्या देशात हे होणार नाही असं कुणी छातीठोक सांगावं.

---

काळाकोट | गुरुवार, दुपारी १:३०

दुसरा मुद्दा जबरदस्त आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. खरंच होईल. (पहिल्याचं उत्तर सोपं: कलम २२ बापालाही आहेच. इंग्लंडमध्येही ‘कमी जबाबदारी’चा बचाव १९५७ पासून सगळ्यांना आहे.)

---

जुनी_पोथी | गुरुवार, दुपारी ३:१२

या विषयाचं मराठीशी नातं फार जुनं आहे, ते कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांनी त्यावरून समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे इतक्या संतापल्या की १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून आलं. त्यांचाही मुद्दा हाच की पिंजऱ्यात एकटी बाईच का, तो पुरुष कुठे आहे?

आणि त्याच्या जवळपास वीस वर्षं आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं किंवा घेऊन जावं.

---

काळाकोट | गुरुवार, दुपारी ३:४०

पोथीताई, दंडवत. पण ते प्रकरण आजाराचं नव्हे, बदनामीच्या भीतीचं. दोन्ही एकत्र केलं की कोर्टात गोंधळ होतो. सरकारी वकील आजारी बाईलाही ‘लाजेखातर मारलं’ असा हेतू चिकटवतात, आणि हेतू सापडला की कलम २२ संपलं.

---

जुनी_पोथी | गुरुवार, दुपारी ४:०५

भेद मान्य. मी मांडलं ते आजीच्या गाठीसाठी. जोतीराव-सावित्रीबाईंनी खटल्याच्या वेळी निवेदन नाही दिलं, खटला व्हायच्या आधी घर उघडलं.

---

वाटसरू_७७ | गुरुवार, रात्री ९:१८

नमस्कार. इथे फक्त वाचत असतो. आज खातं उघडलं. डॉक्टर असतील तर उत्तर द्या. बायकोचा आज दहावा दिवस आहे, माहेरी आहे, मी इथेच आलोय. तीन रात्री झोपलेली नाही. दवाखान्यात बाळ बदललं असं म्हणते. सकाळी एकदम चांगली असते. दुपारपासून बारीक डोळे करून बाळाकडे बघत बसते. सासूबाई म्हणतात उष्णता झालीय, शेक बंद केलाय. उद्या तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. धागा वाचून भीती वाटली म्हणून विचारतोय.

---

डॉ_निशिगंध | गुरुवार, रात्री ९:२६

उद्या नाही. आत्ता.

बाळ दुसऱ्या कुणाकडे द्या. तिला एक मिनिटही एकटं ठेवू नका, बाथरूमलाही कुणी बरोबर जा. बाळ बदललेलं नाही असं पटवत बसू नका, भांडणही नको. ‘झोप लागत नाहीये ना, त्यासाठी जाऊ’ एवढंच म्हणा, ते खरंही आहे. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या आपत्कालीन विभागात न्या, तिथे मानसोपचार विभाग असतो. गाडी नसेल तर १०८. वाटेत बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास. आधी कधी असा त्रास, औषधं, घरात कुणाला बायपोलर आजार असेल तर तिथल्या डॉक्टरांना न विचारता सांगा. गाव कुठलं? मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

बाभूळझाड | गुरुवार, रात्री ९:३१

वाटसरू, निघालात की एक शब्द लिहा. मी जागी आहे, इकडे सकाळ आहे.

---

वाटसरू_७७ | गुरुवार, रात्री १०:५५

निघालो. मेहुणा गाडी चालवतोय. बाळ मावसासूबाईंकडे.

---

वाटसरू_७७ | शुक्रवार, दुपारी ४:४०

भरती झाली. डॉक्टर तोच आजार म्हणाले, जो इथे लिहिलाय. रात्री इंजेक्शन दिलं. सरकारीमध्ये खाट नव्हती, म्हणून सकाळी एका खासगीत आणली. ते म्हणतात बाळाला आत घेणार नाही, नियम नाही. ती शुद्धीवर आली की बाळ कुठे नेलं म्हणून ओरडते, त्यानं संशय अजून वाढतोय. काय करू?

---

काळाकोट | शुक्रवार, दुपारी ४:५८

नियम आहे, त्यांना माहीत नाही. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम २१, पोटकलम २. आई भरती असेल तर तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. मुलाला धोका आहे असं तपासून मानसोपचारतज्ज्ञाचं मत झालं तर तात्पुरतं वेगळं ठेवता येतं, पण तेव्हाही देखरेखीखाली भेट द्यायची, आणि दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा. भांडू नका. कलम कागदावर लिहून प्रमुख डॉक्टरांच्या हातात द्या आणि ‘आजी चोवीस तास बरोबर राहील’ म्हणा. अडले तर मला फोन द्या.

---

डॉ_निशिगंध | शुक्रवार, संध्याकाळी ५:२०

पहिले काही दिवस बाळ वेगळ्या खोलीत आणि भेटी कुणाच्या तरी समोर, हे योग्यच. पण दिसू द्या तिला. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत २००९ पासून आई आणि बाळ एकत्र राहतील असा स्वतंत्र कक्ष आहे. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार मोठी मनोरुग्णालयं आहेत, त्यांत अशा खोल्या करायला कुणी हरकत घेऊ नये. यावर मी स्वतंत्र धागा काढीन, इथे नको.

---

आजीची_गोधडी | शनिवार, सकाळी ६:०२

वाटसरूदादा, आत्याला तुमचं वाचून दाखवलं. तिनं निरोप दिलाय: ‘तिला म्हणावं, परत येतंय समदं. मला आलं.’ आणि तुमच्या सासूबाईंना बोल लावू नका. उष्णता म्हणाल्या तरी त्या तिच्याजवळ होत्या.

---

चिंचोका | शनिवार, सकाळी १०:१५

वाटसरू, रक्त, पैसे, गाडी, काही लागलं तर सांगा. मी मिरजेत आहे.

---

वाटसरू_७७ | पुढचा गुरुवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. कागद दाखवल्यावर बाळाला आणि सासूबाईंना शेजारची खोली दिली. दोन दिवसांपासून झोप लागायला लागली आहे. काल रात्री साडेनऊला झोपली ती पहाटे चारपर्यंत. बाळाला अजून लांबूनच बघते, घेत नाही. पण आज संध्याकाळी मला एकदम विचारलं, “बारसं झालं का माझ्याशिवाय?” नाही म्हटलं. थांबवलंय.

डॉक्टर, लिथियम नावाचं औषध चालू केलंय. इथले म्हणतात अंगावरचं दूध बंद. सासूबाई ऐकत नाहीत, पावडरच्या डब्याला हात लावत नाहीत. तुम्ही काहीतरी लिहा, मी वाचून दाखवतो.

---

डॉ_निशिगंध | पुढचा गुरुवार, रात्री ८:४१

तिथले बरोबर सांगतायत, बंदच. लिहून उपयोग नाही, सासूबाईंना फोन द्या. मी बोलतो.